दरसाल नवी होणारी गढी

जुन्या मराठी कागदांत गाव दोन रंगांचे असते. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. वतनाची भांडणे आणि शिवेचे तंटे याच दोन शब्दांवर तोलले जात. पुढे पांढरी हा शब्द जमिनीवरून माणसांवर सरकला आणि ‘समस्त पांढरी’ म्हणजे गावठाणात चूल पेटणारी सगळी घरे, असा अर्थ रूढ झाला. वस्तीची जमीन पांढरी का, याचे उत्तर साधे आहे. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींचा चुरा, हाडे आणि खापऱ्या एका जागी साचत गेल्या की तिथली माती भुरकट आणि हलकी होते. खानदेशात घरे उभी राहिली ती या मातीवर आणि बरीचशी याच मातीची. दोंडाईचा आणि भोवतालच्या शिंदखेडा तालुक्यातल्या जुन्या वास्तूंचा विचार इथून सुरू करायला हवा, कारण वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगड येतो: रायगड, अजिंठा, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. दगड एकदा बसला की बसवणारा निघून गेला तरी चालते. मातीची भिंत मात्र माणसाला सुट्टी देत नाही. म्हणून या लेखात मांडायचे ते इतकेच, की खानदेशी गावातली जुनी वास्तू आपल्या भक्कमपणावर टिकलेली नाही. दरसाल कोणीतरी तिच्यावर हात फिरवत होते म्हणून ती टिकली. तो हात कोणाचा होता, तो कोणत्या व्यवस्थेने पुरवला आणि ती व्यवस्था कधी व का मोडली, हे पाहिल्यावाचून गढ्या का ढासळल्या ते कळत नाही, आणि आज जुन्या घरात राहणाऱ्याकडून काय मागावे तेही कळत नाही.

दोंडाईच्याला गाव तरी म्हणावे का, असे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे. इथे नगरपरिषद आहे, सुरत–जळगाव मार्गावरचे स्टेशन आहे, स्टार्चचा कारखाना आहे. मिरचीच्या बाजारात खानदेशात नंदुरबारच्या जोडीने दोंडाईच्याचे नाव घेतले जाते. पण नगरपरिषदेचे नाव ‘दोंडाईचा-वरवाडे’ असे जोडनाव आहे. दोन गावठाणे वाढत जाऊन एकमेकांत मिसळली तरी पाटीवर वेगळी राहिली. इथले शहरपण हा गावावर चढलेला वरचा थर आहे, आणि तो फारसा जाड नाही. खाली जुने दोंडाईचा आहे: रावलांची गढी, तिच्या सावलीत वाढलेल्या गल्ल्या, ओटे. रावल हे रजपूत घराणे. दोंडाईचा, मालपूर, सारंगखेडा अशा गावांत त्यांच्या शाखा आहेत, आणि याच पट्ट्यात गिरासे आडनावाची घरे गावोगाव सापडतात. हे आडनाव म्हणजे इतिहासाचा एक छोटा दस्तऐवजच आहे. गिरास म्हणजे ग्रास, घास. मुलखाच्या उत्पन्नातला ठरीव घास ज्याला मिळायचा तो गिरासिया. हा घास कधी संरक्षणाचा मोबदला असे, तर कधी लूट न करण्याची किंमत. या दोहोंतली सीमा किती पुसट होती ते गढीच्या जाड भिंती सांगतात.

मातीकडे परत येऊ. तापीच्या खोऱ्यात वस्तीचा थर किती खोल जातो हे पुरातत्त्वाने दाखवले आहे. तापीकाठच्या सावळद्याच्या नावावरून ताम्रपाषाणयुगातल्या एका संस्कृतीला ‘सावळदा संस्कृती’ म्हणतात; तिचा काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वी 2000 च्या आगेमागे. त्याच संस्कृतीची वस्ती साक्री तालुक्यातल्या कावठे इथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मिळाली. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा इथे बा. कृ. थापर यांनी 1954–55 मध्ये खोदकाम केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगाच्या सुरुवातीपर्यंतचे चार कालखंड एकावर एक रचलेले आढळले. हे थर म्हणजेच पांढरी. आता गंमत अशी, की मध्ययुगात कोणाला गढी उभारायची झाली की तो याच टेकाडाकडे वळे. उंच जागा आयती मिळे आणि भिंतीची मातीही. त्यामुळे पावसाने धुतलेल्या गढीच्या भिंतीत पुष्कळदा खापऱ्यांचे तुकडे डोकावताना दिसतात. भिंत तीनशे वर्षांची आणि तिच्यातले खापर दीड-दोन हजार वर्षांचे, असे सहज घडू शकते. मग या वास्तूचे वय काय सांगायचे? दगडी देवळाला हा प्रश्न पडत नाही. मातीच्या भिंतीत एका गावाचा चुरा दुसऱ्या गावाचे साहित्य होतो, आणि हे इतक्या वेळा झालेले असते की ‘मूळ’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता छप्पर. खानदेशी घराला धाब्याचे घर म्हणतात. धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. देशावर त्याला माळवद म्हणतात. जाड भिंतींवर सागाच्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचे दाट किलचन, त्यावर पाला, त्यावर तुडवलेला चिखल आणि सगळ्यात वर खारी. ही खारी माती हे धाब्याचे खरे रहस्य. ती क्षारयुक्त असते. तिच्यातल्या सोडियममुळे मातीचे बारीक कण पाणी लागताच सुटे होतात, फुगतात आणि छिद्रे बुजवून टाकतात. पहिल्या सरीला वरचा थर चिकट होतो आणि पुढचे पाणी खाली झिरपण्याऐवजी उतारावरून पन्हाळीकडे वाहते. शिवाय खारीत गवत रुजत नाही, म्हणजे मुळांनी छत उकलण्याची भीती नाही. हे शास्त्र कोणी लिहून ठेवले नव्हते. कोणत्या नाल्याकाठची खारी चांगली, हे मात्र गावाला ठाऊक असे. जिथे उन्हाळा 44–45 अंशांवर जातो आणि पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, तिथे या छताला तोड नाही. दुपारी आत गारवा, रात्री वर झोपायला जागा, आणि सुगीत शेंगा-मिरच्या वाळवायला अंगण. पण त्याची अट एकच आणि ती निष्ठुर. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मृगाच्या आत धाब्यावर नवी खारी पडलीच पाहिजे, भिंतींना नवा गिलावा चढलाच पाहिजे. एक वर्ष चुकले तर गळती; दोन वर्षे चुकली तर किलचन कुजते; तिसऱ्या वर्षी तुळईचे टोक भिंतीत सडते, आणि मग श्रावणातल्या एखाद्या झडीत छत आणि भिंत एकदमच बसतात. गढीचेही हेच. तिचे जोते दगडी असेल, दरवाजा घडीव चिऱ्यांचा असेल, पण बुरुजाचे पोट बहुधा मातीचेच.

मग एवढ्या खटाटोपाची भिंत कोणी बांधली आणि का? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा खानदेश आठवला की उत्तर मिळते. 1802 च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी मुलूख उद्ध्वस्त केला, पाठोपाठ 1803–04 चा दुष्काळ आला. पेंढारी, बेकार झालेले अरब शिपाई, डोंगरातून उतरणाऱ्या भिल्लांच्या टोळ्या, आणि मधल्यामध्ये आपापले किल्ले धरून बसलेले जमादार. शेकडो गावे ओस पडली. अशा मुलखात गढी ही चैन नव्हती. संध्याकाळी गुरे-माणसे आत घेऊन दरवाजा लावायची ती सोय होती. तापीच्या उत्तर काठच्या थाळनेरची गोष्ट या दरवाजांचे महत्त्व सांगते. मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेशातली ठाणी इंग्रजांना दिली होती, पण थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम ऐकेना. 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेतले काही अधिकारी किल्ल्याच्या दिंडीतून वाकून आत शिरले, आणि बोलणी बिनसून त्यांतले काही तिथल्या तिथे कापले गेले. त्यानंतर आतली शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी दिले गेले. या फाशीवरून पुढे इंग्लंडातही टीका झाली. माणसाहून वीतभर ठेंगणी ती दिंडी, जिच्यातून माणसाला मान खाली घालूनच जावे लागते, हेच गढीचे खरे शस्त्र होते. पण सात वर्षांत चित्र पालटले. 1825 मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रामने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली, कालचे टोळीवाले आज पगारी शिपाई झाले, आणि गढीचे लष्करी काम संपले. तिचे घर झाले. दोंडाईच्यासारख्या गढीचा ‘वारसा’ म्हणून प्रवास खरे तर इथून सुरू होतो, कारण ज्या कारणासाठी ती बांधली ते कारणच गेले होते आणि तरी ती पुढे सव्वाशे वर्षे नीट उभी राहिली.

ती उभी राहिली ती दरसालच्या हातांवर, आणि इथे वारशाच्या गोड बोलण्यात नेहमी गाळला जाणारा भाग येतो. सुतार-लोहार बलुत्यावर काम करीत. भिल्ल जागल्या राखण करी. गावकुसाची आणि चावडीची डागडुजी महारांच्या वतनी कामांत मोडत असे, आणि वतनदाराच्या वाड्यावर माती वाहण्याचे काम बहुतेक वेळा वेठीचे असे. मजुरी म्हणून जे मिळे ते वर्षाकाठची पेंढी, सणाचा तुकडा आणि इनामी जमिनीचा एखादा फाळा. 1874 च्या वतन कायद्याने इंग्रजांनी ही चौकट मोडली नाही, उलट ती लेखी केली. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख नेमका इथे होता: कामाला वेळ नाही, सीमा नाही आणि मोबदला इतका तुटपुंजा की तो मोबदला म्हणवत नाही. विधेयक त्या वेळी पार पडले नाही. पण स्वातंत्र्यानंतर परगणा व कुळकर्णी वतने रद्द करणारा 1950 चा कायदा आला, आणि 1958 च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गावकामगार वतनेही गेली. आता हे दोन कायदे आणि खानदेशातल्या गढ्यांची पडझड शेजारी ठेवून पाहावी. गढी ढासळू लागली ती मालक नाकर्ते निघाले म्हणून, शहरात गेले म्हणून, भाऊबंदकी माजली म्हणून, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. पण मूळ कारण असे, की धाब्यावर खारी टाकणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच रोख मजुरी मागता आली आणि ती पुरी पडेना. गढीचे कोसळणे हा काही अंशी न्यायाचा हिशेब आहे. हे कबूल करायला जड जाते, पण त्यावाचून पुढचे बोलणे लटके ठरेल.

इमारतीच्या सामानाची कहाणी समांतर चालते. 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी सातपुड्यातला साग सरकारी झाला. गाडीभर लाकूड तोडून आणण्याचे दिवस सरले. मग किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेकडून सरकत आली आणि 1900 मध्ये अमळनेरपर्यंत पोचली. तेच साल संवत 1956 च्या, छप्पन्नच्या दुष्काळाचे, म्हणजे रूळ आणि उपासमार एकाच वेळी आले. रेल्वेने कापूस नेला, आणि परतीच्या डब्यांतून मंगलोरी कौले, नालीदार पत्रा आणि पुढे सिमेंट आणले. त्याहून मोठा बदल दिशेचा. तापीकाठच्या गावांचे तोंड नदीकडे आणि गढीकडे होते, ते स्टेशनकडे वळले. जिनिंग, अडत, गोदामे, मिरचीच्या पथाऱ्या या सगळ्या नव्या जागी गेल्या. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळवायची मोकळी जागा. हंगामात तिथे एकरावारी लाल थर पसरलेला असतो. ज्या कामासाठी पूर्वी घरोघरचे धाबे पुरे पडे ते काम व्यापार वाढल्यावर मैदानात गेले. धाब्याचा एक उपयोग असा कमी झाला, आणि उपयोग कमी झाला की डागडुजीचा उत्साहही.

एवढे मांडल्यावर दोन बाजूंनी हल्ला येणार. पहिली बाजू म्हणेल: वेठीवर उभी राहिलेली वास्तू पडली तर पडू द्या, तिचे गोडवे कशाला? या म्हणण्यात दम आहे, आणि ‘आमचा गौरवशाली इतिहास’ या छापाच्या उत्तराने तो मोडत नाही. माझे उत्तर वेगळे आहे. गढी पाडल्याने वेठीचा इतिहास पुसला जाईल, पण ज्यांनी वेठ केली त्यांचे कसब त्याच्याआधी पुसले जाईल. त्या भिंतीवर नाव वतनदाराचे असले तरी थर देणारे हात दुसऱ्यांचे होते. माती किती दिवस मुरवायची, भुस्सा किती घालायचा, खारी कुठली आणायची, उतार किती बोटांचा ठेवायचा, हे ज्ञान त्या हातांकडे होते आणि ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. महसुलाचे कागद वतनदाराला अमर करतात. मजुराची एकमेव सही या भिंतीत आहे. शिवाय गढीवर नजर खिळल्याने आपण भोवतालची तेल्याची, शिंप्याची, कुणब्याची, वाण्याची घरे विसरतो. तीही त्याच मातीची, त्याच पद्धतीची, आणि ती मात्र घरच्याच बायामाणसांनी दरसाल सारवलेली. दोंडाईच्याचा वारसा मोजायचा तर या गल्ल्यांसह मोजावा. एकटी गढी म्हणजे निम्मा पुरावा.

दुसरी बाजू जास्त व्यवहारी आणि म्हणून जास्त अवघड. खानदेशातल्या वर्तमानपत्रांत पावसाळ्यात एक मथळा ठरलेला असतो: धाब्याचे घर कोसळले. खाली मृतांची किंवा जखमींची संख्या. ज्याच्या डोक्यावर हे छत आहे त्याला वारशाचा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. स्लॅब हवा असे म्हणणारा माणूस अडाणी नसतो. त्याने खारी टाकायला लागणाऱ्या मजुरीचा आणि रात्रभर ठिबकणाऱ्या छताचा हिशेब केलेला असतो. सरकारही त्याच्याच बाजूने बोलते. जनगणनेत मातीची भिंत कच्च्या साहित्यात मोडते, आणि प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी मिळणारे 1 लाख 20 हजार रुपये पक्क्या घरासाठी असतात. म्हणजे एका खात्याच्या भाषेत जे वारसा, ते दुसऱ्या खात्याच्या भाषेत ‘कच्चे’, आणि कच्च्याचे पक्के केले तरच पैसे. दुरुस्तीला नाही, बदलायला. मला इथे खटकते ते हेच. घर कोसळते ते मातीमुळे नाही. तीन वर्षे खारी न पडल्यामुळे कोसळते, आणि त्या खारीला अनुदान देणारी ओळ योजनेत नाही. त्याच रकमेचा चौथा हिस्सा जुन्या तुळया बदलायला आणि छत दुरुस्त करायला मिळाला असता तर किती घरे उभी राहिली असती, असा प्रश्न निदान विचारायला हवा. सगळ्यांनी मातीच्या घरात राहावे असा याचा अर्थ नाही. ज्याला राहायचे आहे त्याला शिक्षा होऊ नये, एवढेच.

मग संरक्षित स्मारक का जाहीर करू नये? कारण ती चौकट दगडासाठी शिवलेली आहे. बळसाण्याची मध्ययुगीन देवळे आणि थाळनेरची फारुकी थडगी केंद्राच्या यादीत आहेत, आणि तिथे ते योग्यच आहे. थडग्यात कोणी संसार करत नाही. 1958 च्या केंद्रीय स्मारक कायद्याला 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आले. गावठाणाच्या ऐन मध्यावर असलेल्या गढीला हे लावले तर जुने दोंडाईचा जवळजवळ सगळे त्या वर्तुळात येईल, आणि न्हाणीघर बांधायलाही परवानगीची फाईल लागेल. त्याहून मूलभूत अडचण अशी, की जतन म्हणजे आहे त्या स्थितीत राखणे, असे हा कायदा धरून चालतो, आणि मातीची भिंत आहे त्या स्थितीत राहूच शकत नाही. ती एकतर नवी होते नाहीतर पडते. जगात हा पेच सोडवण्याचे प्रयत्न झाले आहेत. जपानातले इसेचे देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात आणि तरी ते जुनेच मानतात. मालीतल्या जेने शहरात मातीच्या मोठ्या मशिदीला दरसाल सगळे गाव मिळून गिलावा करते. तो उत्सवच असतो, जवळजवळ आपल्या आखाजीसारखा. पण 1988 मध्ये जेने जागतिक वारसा यादीत गेल्यावर तिथल्या रहिवाशांची कुरकुर सुरू झाली, की आम्हाला फरशी घालता येत नाही, खोली वाढवता येत नाही, आमचे घर पाहुण्यांसाठी गोठवून ठेवले आहे. इंग्लंडातले लॅकॉक हे गाव 1944 मध्ये जवळजवळ सगळेच नॅशनल ट्रस्टला दान मिळाले. तिथे घरे सुंदर राहिली, पण रहिवासी भाडेकरू झाले. आपल्याकडे तसा एकच मालक मिळणे नाही, आणि मिळाला तरी तो नको, कारण एकाच मालकाची गढी आपली एकदा पाहून झाली आहे.

मालकीचा प्रश्न इथे नुसता कायद्याचा नाही, तो भिंतीत दिसतो. खानदेशातल्या कोणत्याही मोठ्या जुन्या वाड्याच्या दरवाजाशी उभे राहावे. नक्षीदार चौकटीच्या बाजूला विजेचे सहा-सात मीटर ओळीने ठोकलेले असतात; जितके मीटर तितके हिस्से. आत चौकाच्या मधोमध सिमेंटच्या विटांची बिनगिलाव्याची भिंत गेलेली असते. तिच्या एका बाजूला धाबे शाबूत, दुसऱ्या बाजूला पत्रा, तिसऱ्या कोपऱ्यात एकाने स्लॅब टाकून मजला चढवलेला, आणि चौथा हिस्सेदार सुरतेला. धाब्याचे छत मात्र मूळचे एक असते. एका हिस्स्याने खारी टाकली आणि शेजारच्याने टाकली नाही, तर पाणी वाटणीपत्र वाचत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. गावातल्या घरावर कर्ज काढायला त्याचा उपयोग होईल, यात शंका नाही. पण ड्रोनला छपरे दिसतात, छपराखालच्या सामाईक तुळया दिसत नाहीत. गावठाणातल्या जुन्या घरांसाठी काही करायचेच असेल तर ते हिस्सेदारांच्या सामाईक दुरुस्तीपासून सुरू व्हावे: तुळई एकत्र बदलायला अर्थसाह्य, खारीच्या नाल्यांची नोंद, आणि धाबे बांधू शकणाऱ्या कारागिराला त्याच्या कामाची शहरातल्या गवंड्याइतकी मजुरी. यात स्मारकाची पाटी लावण्याजोगे काहीच नाही, आणि मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन करण्याजोगेही नाही. म्हणूनच बहुधा हे होत नाही.

हे काम बाहेरून आलेल्या संवर्धनतज्ज्ञाला जमणार नाही का? काही ठिकाणी जमेल. चुन्याचा गिलावा, दगडी जोत्यातल्या फटी, कोरीव चौकटीतली कीड, यांसाठी त्याचे ज्ञान हवेच. पण तो दोन वर्षे काम करून जातो, आणि मातीचे घड्याळ बारा महिन्यांचे आहे. दोंडाईच्याच्या गढीसारख्या वास्तूंत माणसे राहतात की नाही हा प्रश्न म्हणून शोभेचा नाही. जिथे चूल पेटते तिथे धुराने किलचनाला वाळवी लागत नाही, जिथे कोणी झोपते तिथे पहिला थेंब पडताच कळते, आणि जिथे म्हातारी माणसे ओट्यावर बसतात तिथे भिंतीला पडलेली चीर त्याच आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येते. रिकामी करून राखलेली मातीची वास्तू ही कल्पनाच या मुलखात टिकत नाही.

जी गढी रिकामी होते तिचे काय होते, हे तापीच्या दोन्ही काठांवर पाहायला मिळते. आधी तुळया विकल्या जातात, कारण जुन्या सागाला भाव आहे. मग दरवाजाची चौकट जाते, जोत्याचे चिरे कोणाच्या तरी पायात बसतात. उरते ती मातीची ढिगार. तिच्यात राख आहे, हाडांचा चुरा आहे, शेकडो वर्षांचे शेण आहे, म्हणून शेतकऱ्याला ती खतासारखी हवी असते. पूर्वी बैलगाड्या लागत, आता ट्रॅक्टरची ट्रॉली लागते. आखाजीनंतर, म्हणजे ज्या दिवसांत पूर्वी धाब्यावर खारी चढायची नेमक्या त्याच दिवसांत, ढिगार उकरून शिवारात पसरली जाते, आणि पहिल्या नांगरटीला पांढरी काळीत मिसळून जाते. वखराला अधूनमधून एखादे खापर लागते. शेतकरी ते उचलून बांधावर टाकतो.